ताप उतरला तरी लक्ष काढू नका : डेंग्यूच्या रिपोर्टमधलं प्रोटीन समजून घेऊ



वर्षावासातला एक रविवार. बिबवेवाडीत अप्पर इंदिरानगरच्या बाजूच्या एका विहारात आम्ही आरोग्याचा तास घेत होतो. वंदना झाली, सतरंज्यांवर बायका-माणसं बसली. तेवढ्यात एक आई पिशवीतून कागद काढत पुढं आली. तिच्या नऊ वर्षांच्या मुलाला दोन दिवस सणकून ताप होता. कागदावर होतं, ‘डेंग्यू एनएस-१ अँटिजेन : पॉझिटिव्ह’. रिपोर्ट देणाऱ्यानं तिला सांगितलं होतं, "विषाणूचं प्रोटीन सापडलंय." ते ऐकून तिनं त्याच दिवसापासून पोराची डाळ आणि अंडं बंद केलं होतं.

"ताई, प्रोटीन वाढलंय तर प्रोटीनचं खाणं बंदच करायला पाहिजे ना?"

तिचा प्रश्न चुकीचा नव्हता. शब्द एकच आहे, आणि तो कुणी तिला उलगडून सांगितला नव्हता. आम्ही त्या दिवशी ठरवलेला विषय बाजूला ठेवला आणि त्या एका शब्दावरच तास घेतला. तोच तास इथं लिहीत आहोत.

प्रोटीन म्हणजे नुसतं डाळ-अंडं नव्हे

प्रोटीनला मराठीत प्रथिन म्हणतात. प्रथिन म्हणजे एक माळ. वीस प्रकारचे मणी आहेत, त्यांना अमिनो आम्लं म्हणतात. हे मणी वेगवेगळ्या क्रमानं ओवले की वेगवेगळी प्रथिनं तयार होतात. माळ ओवून झाली की ती सरळ राहत नाही. ती गुंडाळते, दुमडते आणि तिला एक ठरावीक आकार येतो. प्रथिनाचं सगळं काम त्या आकारावर चालतं.

आकार बिघडला तर काय होतं, हे आपण रोज चुलीवर पाहतो. अंड्याचा पांढरा भाग कच्चा असताना पातळ आणि पारदर्शक असतो. उकडला की घट्ट, पांढरा होतो. मणी तेच असतात, माळही तीच असते. आकार मात्र उष्णतेनं मोडलेला असतो.

एक मणी बदलला तर काय होतं, हेही आपल्यातल्या अनेक घरांना ठाऊक आहे. विदर्भातून पुण्यात आलेल्या कुटुंबांनी सिकलसेलचं नाव ऐकलेलं असतं. रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये १४६ मण्यांची एक माळ असते. तिच्यातला सहावा एक मणी बदललेला असतो, एवढ्यानं गोल रक्तपेशी विळ्यासारखी होते आणि माणूस आयुष्यभर दुखण्याशी झुंजतो.

आपण डाळ-अंडं खातो तेव्हा आतडं त्या माळा तोडून मणी सुटे करतं. त्या मण्यांतून शरीर स्वतःला हव्या त्या माळा ओवतं. विषाणूशी लढणारी प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी, हीसुद्धा प्रथिनंच असतात. म्हणजे त्या आईनं मुलाची डाळ बंद करून विषाणूला उपाशी ठेवलं नव्हतं, मुलाच्या शरीराचा लढण्याचा माल तोडला होता. त्याच संध्याकाळी तिनं त्याला मऊ वरण-भात दिला.

पुण्यानं ओळखलेली प्रथिनं

विषाणूंच्या प्रथिनांची नावं आपण आधीही ऐकली आहेत, फक्त ती प्रथिनांची आहेत हे कुणी सांगितलं नाही. २००९ च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूनं देशातला पहिला मृत्यू आपल्या पुण्यात झाला. तेव्हा सगळे ‘एच-वन-एन-वन’ म्हणत होते. त्यातला एच हे एक प्रथिन, ते घशातल्या पेशीला चिकटतं. एन हे दुसरं. तयार झालेले नवे विषाणू पेशीपासून सुटे करणं हे त्याचं काम. टॅमिफ्लूची गोळी याच एन प्रथिनाचं काम अडवते.

पुढं मार्च २०२० मध्ये कोरोना आला. चित्रात दाखवत ते विषाणूच्या अंगावरचे काटे म्हणजेही प्रथिन. हडपसरजवळ तयार झालेली कोविशिल्ड लस शरीराला त्या एका काट्याची ओळख करून देत होती.

या विषाणूंचा अभ्यास करणारी मोठी संस्था आपल्याच शहरात, डॉ. आंबेडकर रस्त्यावर आहे : राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, म्हणजे एनआयव्ही. १९५२ साली ती सुरू झाली. डेंग्यूची प्रतिपिंडं तपासायचे एलिसा संच इथं तयार होतात आणि देशभरातल्या सरकारी प्रयोगशाळांना जातात.

डेंग्यूचा विषाणू : दहा प्रथिनांचा बिऱ्हाडकरू

डेंग्यूच्या विषाणूकडं स्वतःचं काहीच नाही. ना चूल, ना भांडी. त्याच्याकडं फक्त एक कृती लिहिलेली चिठ्ठी असते. एडिस डासानं चावा घेतला की तो आपल्या पेशीत शिरतो आणि आपल्याच पेशीकडून ती कृती करून घेतो. पेशी त्या चिठ्ठीप्रमाणं सुमारे ३,४०० मण्यांची एक लांबच लांब माळ ओवते. मग ती माळ ठरावीक जागी कापली जाते आणि दहा प्रथिनं सुटी होतात.

त्यांतल्या तीन प्रथिनांतून विषाणूचं अंग तयार होतं. एक आतली चिठ्ठी गुंडाळून ठेवतं. एक बांधणी होईपर्यंत आधार देतं. तिसरं म्हणजे बाहेरचं ‘ई’ प्रथिन. याच्या १८० प्रती विषाणूच्या अंगावर कौलांसारख्या आडव्या बसलेल्या असतात. पेशीनं विषाणूला आत ओढलं आणि आतला आंबटपणा लागला, की ही कौलं उभी राहतात, पेशीच्या पडद्यात घुसतात आणि चिठ्ठी आत सोडतात.

उरलेली सात प्रथिनं विषाणूच्या अंगाला लागत नाहीत, ती कामगार आहेत. एक माळ कापतं, एक चिठ्ठीच्या नकला काढतं, काही आपल्या पेशीची धोक्याची घंटा बंद पाडतात. या सातांतलं पहिलं म्हणजे एनएस-१. तेच आपल्या रिपोर्टवर असतं.

एनएस-१ रक्तात काय करतं

पेशी एनएस-१ तयार करते आणि रक्तात सोडते. ते रक्तात भरपूर सापडतं, म्हणून तपासणीला सोपं जातं. पण ते नुसतं फिरत नाही. आपल्या रक्तवाहिन्यांना आतून एक पातळ, बुळबुळीत अस्तर असतं. एनएस-१ त्या अस्तराला चिकटतं आणि ते झिजवतं. त्यात विषाणूशी लढताना आपलं शरीर जी रसायनं सोडतं त्यांचीही भर पडते. परिणाम असा, की रक्तवाहिन्यांचे सांधे सैल होतात आणि रक्तातलं पाणी बाहेर पाझरतं. ते पोटात साचतं, छातीत साचतं. बाहेर रक्ताचा थेंब दिसत नाही, तरी आत रक्त घट्ट होत जातं, नाडी बारीक होते, हातपाय गार पडतात.

डेंग्यूत जीव जातो तो बहुतेक वेळा या गळतीनं. तापाच्या आकड्यावरून ही गळती कळत नाही, हे नीट लक्षात घ्या.

रिपोर्ट वाचण्याआधी ताप किती दिवसांचा ते मोजा

ताप ज्या दिवशी आला तो पहिला दिवस. ही तारीख कागदावर लिहून ठेवा. डॉक्टरांना सगळ्यात आधी तीच सांगा.

पहिल्या पाच दिवसांत एनएस-१ तपासणी उपयोगी. त्यानंतर हे प्रथिन रक्तातून कमी होत जातं. सहाव्या-सातव्या दिवशी केलेली एनएस-१ तपासणी निगेटिव्ह आली, तर ‘डेंग्यू नाही’ असा अर्थ काढू नका. ज्याला आधी कधी डेंग्यू होऊन गेला आहे, त्याच्यात तर हे प्रथिन आणखी लवकर दिसेनासं होतं.

साधारण पाचव्या दिवसापासून आयजीएम तपासायचं. हे विषाणूचं प्रथिन नव्हे, आपल्या शरीरानं त्याच्याविरुद्ध केलेलं प्रतिपिंड आहे.

दवाखान्यात पट्टीवर पंधरा-वीस मिनिटांत होते ती जलद चाचणी. पक्कं निदान एलिसा पद्धतीनं होतं. सरकारी यंत्रणा एलिसाच ग्राह्य धरते.

गरोदर बहिणींसाठी एक वेगळी गोष्ट. झिका विषाणूचं ई प्रथिन डेंग्यूच्या ई प्रथिनाशी मिळतंजुळतं असतं, त्यामुळं प्रतिपिंडांच्या तपासणीत कधी कधी घोटाळा होतो. दोन्ही विषाणू पसरवणारा डासही तोच. जुलै २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावात राज्यातला पहिला झिका रुग्ण सापडला, आणि २०२४ च्या पावसाळ्यात पुणे शहरात अनेक रुग्ण निघाले. झिकामुळं पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ खुंटू शकते. म्हणून गरोदरपणात ताप आणि अंगावर पुरळ आलं, तर डेंग्यूच्या रिपोर्टवर थांबू नका. झिकाबद्दल डॉक्टरांना विचाराच.

ताप उतरला तो दिवस

मार्केट यार्डात हमाली करणाऱ्या एका तरुणाची गोष्ट सांगतो. नाव सांगत नाही. त्याला एनएस-१ पॉझिटिव्ह आला. चार दिवस ताप होता, पाचव्या दिवशी सकाळी अंग थंड झालं. घरात आनंद झाला. रोजंदारीचं घर, चार दिवसांचा खाडा झालेला. तो म्हणाला, "बरं वाटतंय, जातो कामाला." आईनं डबा बांधून दिला. दुपारी तो गाळ्यावरच खाली बसला. पोट दुखत होतं, दोन उलट्या झाल्या होत्या, सकाळपासून लघवी झाली नव्हती. अंग गार लागत होतं, म्हणून बरोबरचे म्हणाले, "ताप तर नाही, ऊन लागलं असेल." संध्याकाळी तो घरी आला तेव्हा त्याच्या बहिणीनं आम्हाला बोलावलं. नाडी हाताला जेमतेम लागत होती. त्याला तसंच रुग्णालयात नेलं. सहा दिवसांनी तो चालत घरी आला. आणखी काही तास उशीर झाला असता तर काय झालं असतं, ते आम्ही वॉर्डात रात्रपाळ्या करताना पाहिलेलं आहे.

डेंग्यूत धोक्याचा काळ बहुतेक वेळा ताप उतरताना सुरू होतो. तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप खाली येतो, आणि त्याच सुमाराचे चोवीस ते अठ्ठेचाळीस तास गळतीचे असतात. ते टळले की पाझरलेलं पाणी हळूहळू परत रक्तात येतं आणि माणूस सुधारतो. म्हणून ताप उतरल्यावर दोन दिवस कामावर नाही, शाळेत नाही. एका खाड्याचा पगार बुडतो हे आम्हाला कळतं. पण त्या दोन दिवसांची किंमत पगारात मोजता येत नाही.

"पेशी किती?" एवढंच विचारू नका

वस्तीत डेंग्यूचा रुग्ण असला की पहिला प्रश्न असतो, "पेशी किती राहिल्या?" पेशी म्हणजे प्लेटलेट. दीड लाखाच्या ऐंशी हजार झाल्या की घरात रडारड सुरू होते. कुणी पपईच्या पानाचा रस काढतं, कुणी बकरीचं दूध शोधतं, कुणी उसने पैसे काढून किवी आणतं. या कशानंही रक्तवाहिन्यांची गळती थांबत नाही. कडू रसानं लेकराला उलट्या झाल्या, तर उलट अंगातलं पाणी कमी होतं.

पेशी कमी होतात आणि आठवड्याभरात आपोआप वाढतात. आपल्या देशाच्या उपचार मार्गदर्शिकेप्रमाणं रक्तस्राव नसेल तर पेशी दहा हजारांखाली गेल्याशिवाय बाहेरून द्यायची गरज धरलेली नाही. ‘चाळीस हजार आहेत, लगेच पिशवी आणा’ असं कुणी म्हटलं, तर रक्तस्राव होतोय का, हे नम्रपणे विचारा. कारण विचारणं हा रुग्णाचा हक्क आहे.

त्याच कागदावर आणखी एक आकडा असतो : पीसीव्ही, म्हणजेच हिमॅटोक्रिट. रक्त किती घट्ट आहे हे तो सांगतो. आधी ४० होता आणि आता ४८ झाला, तर रक्तातलं पाणी बाहेर गेलं आहे. पेशी उतरतात आणि पीसीव्ही चढतो, ही जोडी धोक्याची.

आपल्या बहिणींनी इथं जास्त सावध राहायचं. आपल्यातल्या कित्येक जणींच्या अंगात मुळातच रक्त कमी असतं. एखादीचा पीसीव्ही एरवी ३० असेल आणि डेंग्यूत ३६ झाला, तर कागदावर ३६ हा आकडा ठीकच दिसतो. तिच्या बाबतीत मात्र तो वाढलेला असतो. म्हणून जुने रिपोर्ट फेकू नका. गरोदरपणातले असोत, शिबिरातले असोत, एका पिशवीत ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा.

"एकदा झाला, आता होत नाही"

हा मोठा गैरसमज आहे. डेंग्यूचे चार प्रकार आहेत, आणि प्रत्येकाचं ई प्रथिन थोडं वेगळं आहे. एका प्रकाराचा डेंग्यू झाला की त्या प्रकारापासून संरक्षण मिळतं. पुढं दुसरा प्रकार आला तर जुनी प्रतिपिंडं त्याच्या ई प्रथिनाला चिकटतात, पण त्याला निकामी करू शकत नाहीत. उलट आपल्या काही पेशी प्रतिपिंड दिसलं की त्याला धरून आत ओढतात. त्याच्याबरोबर विषाणूही आत जातो. कुलपाचा उपयोग कडीसारखा होतो. म्हणून दुसऱ्या वेळचा डेंग्यू जास्त गंभीर होऊ शकतो. आधी डेंग्यू झालेला असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. चारही प्रकारांवर एकदम चालणारी लस करणं अवघड जातं, त्याचं एक कारणही हेच.

घरी काय करायचं

तापाला फक्त पॅरासिटामॉल, डॉक्टरांनी सांगितलेल्या मापानं. मुलांचं माप वजनावर ठरतं. आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन, डायक्लोफेनॅक, मेफेनॅमिक अ‍ॅसिड ही औषधं नकोत. त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. दुकानातून अंगदुखीची गोळी घेताना पाकिटावरचं नाव वाचून घ्या, वाचता येत नसेल तर शाळेतल्या लेकराकडून वाचून घ्या.

"डॉक्टर, एक सुई मारा" असा हट्ट धरू नका. कमरेत मारलेल्या सुईच्या जागी रक्त साकळू शकतं. अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतं, विषाणूवर चालत नाही. सलाइनही गरजेपुरतंच असावं. सुधारणीच्या दिवसांत जास्त सलाइन दिलं तर तेच पाणी छातीत साचतं.

पाणी, ओआरएस, भाताची पेज, ताक, लिंबू सरबत, वरणाचं पाणी थोडं थोडं सतत देत राहा. एक वही करा : तापाचा दिवस, किती वेळा प्यायला दिलं, लघवी कधी झाली. ताप उतरल्यावर ही वही मिटू नका, दोन दिवस पुढं चालवा.

यांतलं एक जरी लक्षण दिसलं, तरी वाट न पाहता रुग्णालयात न्या :

• पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या
• हिरड्या-नाकातून रक्त, काळी शी, पाळीत नेहमीपेक्षा जास्त स्राव
• हातपाय गार, अंगाला चिकट घाम
• चार ते सहा तास लघवी नाही
• धाप लागणं
• फार सुस्ती किंवा विनाकारण तळमळ, चिडचिड

ईएसआय कार्ड असेल तर बिबवेवाडीतलंच कामगार विमा रुग्णालय. नसेल तर महापालिकेचं कमला नेहरू रुग्णालय किंवा ससून. गाडीसाठी १०८ ला फोन करा, त्याचे पैसे लागत नाहीत.

पिंप, पत्रा आणि आपला हक्क

एडिस डास दिवसा चावतो आणि साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. अंडी पिंपाच्या आतल्या कडेला चिकटलेली असतात आणि पाणी आटलं तरी महिनोन्‌महिने जिवंत राहतात. म्हणून पिंप नुसतं पालथं करून भागत नाही. आठवड्यातून एकदा काथ्यानं आतून घासा, मग भरा, वर कापड बांधा. पत्रा उडू नये म्हणून वर ठेवलेले टायर, फ्रिजच्या मागचा ट्रे, कूलर, विहारातली फुलदाणी, हेही पाहा.

पिंप भरून ठेवणं हा आपला दोष नाही, हेही इथं स्पष्ट लिहितो. नळाला दिवसभर पाणी असतं, तर पिंपाची गरजच पडली नसती. म्हणून पिंप घासायचं आणि पाण्यासाठी अर्जही करायचा. गल्लीतल्या सगळ्यांच्या सह्या घ्या, क्षेत्रीय कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोहोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.

त्या दिवशी विहारात प्रश्न विचारणाऱ्या आईचा मुलगा बरा झाला. चौथ्या दिवशी त्याचा ताप उतरला, तेव्हा तिनं त्याला शाळेत धाडलं नाही. दोन दिवस वहीत लघवीच्या वेळा लिहिल्या. पुढच्या रविवारी ती वही घेऊन आली आणि शेजारच्या दोघींना तिनंच ती कशी भरायची ते शिकवलं. तुमच्या विहारातही अशी एक वही असू द्या.

जय भीम.